जखमेची नोंद कोणाच्या वहीत? अठराव्या शतकातले जायबंदी शिपाई



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. मग हे जुन्या काळच्या शिपायांच्या पेन्शनीचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात नाही, आपल्या चाकणमध्ये आहे.

निवृत्तीनंतरही काही वर्षं आम्ही एका रात्र महाविद्यालयात तर्कशास्त्राचे तास घेत होतो. दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी वर्गात अशी ती मुलं. त्यातला एक मुलगा पुढे बऱ्याच काळाने घरी आला. चाकणच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर लागला होता. सेकंड शिफ्टला डायमध्ये हात गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्याचं बिल कुणीतरी भरलं. नंतर एक पाकीट हातात दिलं आणि एका कागदावर सही घेतली. कागदावर लिहिलं होतं की, माझ्या चुकीने अपघात झाला, मला मदत मिळाली, माझी काही तक्रार नाही. मुलगा आम्हाला म्हणाला, "सर, तर्कशास्त्रात तुम्ही व्याख्या करायला शिकवलीत. मदत आणि भरपाई यांत फरक काय, तेवढं सांगा."

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिलं ते पुस्तकी होतं. मदत देणाऱ्याच्या मनावर असते, भरपाई घेणाऱ्याच्या हक्कावर असते, वगैरे. व्याख्या बरोबर होती, पण तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मनावर आणि हक्कावर यांतली सीमा व्यवहारात नेमकी कुठे पडते, हे आम्हाला सांगता आलं नाही. ते शोधताना आम्ही अठराव्या शतकात जाऊन पोचलो. आज ते सांगायचं आहे.

सुरुवात एका नाकापासून करू.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं. सोबत एका माणसाचं कोरीव चित्र होतं. माणूस मराठी, शेतकरी जातीचा. इंग्रजांनी त्याचं नाव 'कावसजी' असं लिहिलं आहे. ते ऐकून पारशी वाटतं, पण पत्र त्याला स्पष्ट 'मराठा' म्हणतं. आमचा आपला अंदाज, मूळ नाव 'कवजी' असावं. आपल्याकडे ते नाव जुनं आहे. हा माणूस टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. तसाच तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस विटा करणाऱ्या जातीचा, म्हणजे कुंभार म्हणायला हरकत नाही.

शस्त्रक्रिया कशी केली तेही पत्रात दिलं आहे. उरलेल्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. ती कातडी वळवून खाली आणायची, नाकाच्या जागी बसवायची आणि काताचा लेप द्यायचा. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकायची. भूल देणं हा प्रकार तेव्हा नव्हता, हे लक्षात ठेवा. कंपनीचे दोन डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, हे बघायला हजर होते. चित्र काढलं जेम्स वेल्स या चित्रकाराने. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं प्रसिद्ध चित्र काढणारा तोच हा. हे पत्र वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वर्षानुवर्षं मुडद्यांवर सराव केला आणि १८१४ मध्ये हीच पद्धत एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर वापरली. प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात हे सगळं येतं, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते व्हॉट्सॲपवर अभिमानाने पुढेही पाठवलं असेल.

पण त्या पत्रातलं एक अर्धं वाक्य कुणी पुढे पाठवत नाही. त्यात म्हटलं आहे की, हा माणूस आता कंपनीचा पेन्शनर आहे.

आम्ही हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे जाता येईना. बघा, हा माणूस शिपाई नव्हता. त्याच्या हातात बंदूक नव्हती. तो बैल हाकणारा होता. फौजेच्या भाषेत ज्यांना आपण बुणगे किंवा बाजारबुणगे म्हणतो आणि आज शिवी म्हणून वापरतो, त्यांतला तो. त्याला पेन्शन मिळते. आणि दुसरं असं की, त्याच्या दोन जखमांची दोन वेगवेगळ्या ठिकाणी दाद लागली. नाक कापणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. ती अब्रूची जखम. ती कुंभाराने भरून दिली. हात मात्र कोणताही कुंभार देऊ शकत नाही. हात म्हणजे पोट. तिथे पेन्शन आली. एकाच माणसाच्या देहावर अब्रू आणि पोट यांचे दोन हिशोब मांडलेले दिसतात.

आता कंपनी फार दयाळू होती असा अर्थ कुणी काढू नये. त्यावर येऊच. आधी आपल्याकडे काय होतं ते पाहू, कारण आपल्याकडे हे कंपनीच्या फार आधीपासून होतं.

सभासदाची बखर आपणा सर्वांना ठाऊक आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला ती लिहिली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ मध्ये, महाराजांनी काय केलं ते त्यात दिलं आहे. लढाईत पडलेल्यांना मुलगे असतील तर त्यांचं पालन सरकारने करायचं. मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन. आणि जखमींना जखम पाहून कुणाला दोनशे होन, कुणाला शंभर, कुणाला पन्नास, कुणाला पंचवीस. होन म्हणजे सोन्याचं नाणं.

'जखम पाहून' हा भाग महत्त्वाचा. इथे शौर्य पाहून दिलेलं नाही. शूरांना हत्ती, घोडे, कडी-तोडे वेगळे दिले होते. हे जखमेचं मोल आहे. एखादा भित्रा असेल, पळताना जखमी झाला असेल, तरी जखम ती जखमच. शौर्याचं बक्षीस आणि जखमेची भरपाई या दोन रकमा वेगळ्या खात्यांत टाकणं ही बौद्धिकदृष्ट्या मोठी गोष्ट आहे, असं आमचं मत आहे. युरोपात तेव्हा काय होतं? पॅरिसचं ते मोठं 'इन्व्हालिड' भवन, चौदाव्या लुईचं, १६७० मध्ये ठरलं. त्याआधी आणि नंतरही लंगडे शिपाई रस्त्यावर भीक मागत. लंडनजवळचं चेल्सी १६८२ चं. म्हणजे सभासदाने सांगितलेला प्रसंग या दोन्हींच्या आधीचा.

त्याच्याही मागे जायचं तर आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गावोगाव वीरगळ उभे आहेत. कन्नड शिलालेखांत 'नेत्तरु कोडगी' असा शब्द येतो. नेत्तरु म्हणजे रक्त. लढाईत पडलेल्याच्या घराला दिलेली जमीन, रक्ताचं दान. पण ते मेलेल्याच्या घराला. जिवंत राहिलेल्या आणि निकामी झालेल्या माणसाचा प्रश्न निराळा आणि अवघडही असतो. मेलेला माणूस वीर होतो. लंगडा माणूस रोज समोर येतो.

अठराव्या शतकात, शाहू महाराज आणि पेशव्यांच्या काळात, मुलाबाळांच्या नेमणुकीला एक सुंदर शब्द रूढ झाला: बालपरवेशी. बाल आणि परवरिश. लढाईत पडलेल्याची मुलं वाढवण्यासाठी दिलेली रोख रक्कम किंवा जमीन. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या रोजनिश्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये त्यांच्यावर जो निबंध वाचला तो आजही वाचण्यासारखा आहे. पुढे सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांची राज्यव्यवस्था आणि लष्करी व्यवस्था यांवर दोन पुस्तकं लिहिली, त्यांतही हा विषय आहे. जखमींना पैसे, पडलेल्यांच्या घरांना नेमणुका, कधी इनाम जमीन, असं हे चित्र आहे. तेव्हा आपल्याकडे माणुसकी होती का, हा प्रश्नच नाही. होती.

प्रश्न पुढचा आहे. ती पोचायची कुणापर्यंत?

इथे जरा थांबून फौजेची रचना समजून घेऊ, कारण सगळं त्यात आहे. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. जमिनी वाटत गेलं की राज्य आटतं, असा स्पष्ट इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. पण महाराजांनंतरच्या धामधुमीत जमिनी आणि मुलूख देऊनच माणसं टिकवावी लागली. अठराव्या शतकात मग सरंजामाची पद्धत पक्की झाली. पेशवा सरदाराला मुलूख लावून देणार, म्हणजे त्या मुलखाचा वसूल सरदाराने घ्यायचा आणि त्यातून अमुक इतके स्वार बाळगायचे. सरदाराच्या हाताखाली पथके. पथकात शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन आलेला. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर.

पुण्याच्या दप्तरात काय लिहिलेलं असणार? सरदाराचं नाव, त्याचा सरंजाम, त्याने किती स्वार आणायचे तो आकडा. सरकारी कारकून हजेरी घ्यायला जात, मोजदाद होई, तरी मुळात तो हिशोब सरदाराशी. पथकातल्या एकेका माणसाला पगार द्यायचा तो सरदाराने किंवा पथक्याने. म्हणजे त्या माणसाचं नाव त्यांच्या कारकुनाच्या वहीत. जे थेट सरकारच्या हुजुरातीत किंवा पागेत होते, त्यांची गोष्ट वेगळी.

शिपायांची आणि घोड्यांची वर्णनं लिहून ठेवण्याच्या यादीला चेहरेपट्टी म्हणत. रंग, उंची, गालावर वण, डाव्या डोळ्याखाली तीळ. आज आपण 'चेहरेपट्टी चांगली आहे' असं लग्नाच्या बाबतीत म्हणतो. मूळ शब्द असा फौजेच्या वहीतला. एकाच्या जागी दुसरा उभा करून कुणी पगार लाटू नये म्हणून ती सोय. पण जखमी माणसाच्या बाजूने पाहिलं तर तीच सोय त्याचा आधार होते: 'मी होतो' याचा पुरावा.

आता कल्पना करा, की एका पथकातल्या शिलेदाराचा पाय गेला आणि घोडाही पडला. शिलेदाराचा घोडा हे त्याचं भांडवल. त्याने दाद कुणाकडे मागायची? पुण्याला? पुण्याच्या वहीत तो नाही, तिथे नुसता आकडा आहे. पथक्याकडे? पथक्या चांगला असेल तर देईल. पथक्याच पडला असेल, किंवा सरदाराचा सरंजाम काढून घेतला असेल, किंवा थकबाकी असेल तर? मग राहते ती मेहेरबानी. आणि ज्यांचं नाव कोणत्याच वहीत नाही, त्या बुणग्यांचं तर बोलायलाच नको. पानिपतावर लढणाऱ्यांच्या जोडीला अशी माणसं प्रचंड संख्येने होती.

पानिपत म्हटलं की महादजी शिंदे आठवतात. १४ जानेवारी १७६१ ला पळताना एका पठाणाने त्यांना गाठून पायावर घाव घातला. ते पडून राहिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेत आणलं. पाय कायमचा अधू झाला. इथून वडगाव मावळ वीस-पंचवीस किलोमीटर असेल. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज घाट चढून पुण्याकडे निघाली तेव्हा मराठ्यांनी तळेगाव स्वतः जाळून टाकलं. आपलं चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी होती. इंग्रजांना वडगावात कोंडून १६ जानेवारीला जो तह करून घेतला तो करणारा माणूस हाच लंगडा महादजी. पानिपताला अठरा वर्षं झाली होती.

महादजींनी राणेखानाचे उपकार कधी विसरले नाहीत. त्याला 'भाई' म्हटलं, मोठा सरदार केलं, फौजा त्याच्या हाताखाली दिल्या. ही हकीगत आपण कृतज्ञतेचा आदर्श म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण जरा तर्काने बघू. त्या दिवशी पानिपतावर असे आणखी भिस्ती असतील, ज्यांनी कुणा साध्या स्वाराला बैलावर घातलं आणि वाटेत स्वतः हातपाय गमावले. राणेखानाकडे बोट दाखवून त्यांना म्हणता आलं असतं का, 'त्याला दिलंत तसं मलाही द्या'? नाही. कारण राणेखानाला मिळालं ते भिस्ती म्हणून नाही, महादजीचा राणेखान म्हणून मिळालं. कितीही मोठं असलं तरी ते दान होतं. त्याने नियम तयार होत नाही.

आणि गंमत पाहा, नियम तयार केला तोही महादजींच्याच फौजेत. १७८४ मध्ये त्यांनी द बॉइन या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. लुई फर्डिनंड स्मिथ म्हणून एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या नोकरीत होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पलटणींची हकीगत लिहिली. तो सांगतो ते असं: जखमी झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि शिपायाला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. बरा होईपर्यंत पगार चालू, त्यात काटछाट नाही. कायमचा निकामी झाला तर जन्मभर निम्मा पगार, वर जमीन. मेला तर त्याची मालमत्ता नातेवाइकांना.

मंडळी, हे एका मराठी सत्तेच्या फौजेतलं आहे आणि कंपनीच्या कोणत्याही पलटणीशेजारी ठेवावं असं आहे. हे का शक्य झालं? द बॉइन फार कनवाळू होता म्हणून? तसं वाटत नाही. पलटणींच्या पगारासाठी दोआबातला ठरावीक मुलूख थेट लावून दिला होता, त्यामुळे पैसा वेळेवर येत असे. आणि पलटणीत शिपाई एकेक मोजलेला असे. कंपन्या, तुकड्या, रोजची हजेरी. मधला पथक्या उडाला होता. पलटणीच्या वहीत माणूस नावानिशी होता.

'निम्मा' हा आकडा ऐकलात ना? सभासदाकडे विधवेला निम्मं. द बॉइनकडे जायबंदीला निम्मं. २६ ऑगस्ट १७७६ ला अमेरिकेच्या काँग्रेसने जखमी शिपायांसाठी ठराव केला तोही निम्म्या पगाराचा. यांनी एकमेकांचं पाहून ठरवलेलं नाही. आम्हाला यात मनाची एक खोड दिसते. काहीच न देणं लाजिरवाणं, पूर्ण देणं जिवावर येतं. मग माणूस मधे येऊन थांबतो.

युरोपची गोष्ट थोडक्यात, कारण तिथे एक धडा फार कामाचा आहे. चेल्सीच्या इमारतीत जागा थोड्या. बाकीचे जायबंदी घरी राहून पेन्शन घेत, साधारण रोजचे पाच पेन्स. पण पहिला हप्ता हातात पडायला वर्ष लोटायचं. तोवर खायचं काय? मग सावकार गाठायचा आणि येणारी पेन्शन त्याला लिहून द्यायची. दर इतका की माणूस पुन्हा त्यातून निघत नसे. आपल्याला हे चित्र नवं नाही, इथे शेतकरी होता, तिथे शिपाई. १७५४ मध्ये विल्यम पिट याने कायदा करून पेन्शन सहामाही आगाऊ द्यायला लावली आणि ती गहाण टाकण्याचे करार रद्दबातल ठरवले. हक्क नुसता लिहून भागत नाही, तो माणसाच्या हातून कुणी काढून घेऊ नये याचीही तजवीज लागते, हे त्या काळात एका माणसाला सुचलं.

आता कंपनीकडे येऊ. मीर जाफरने मरताना क्लाइव्हला पाच लाख रुपये ठेवले होते. नजराणे घ्यायला बंदी आली होती, म्हणून क्लाइव्हने त्यातून १७७० मध्ये एक निधी केला. जायबंदी आणि निवृत्त अधिकारी, शिपाई, त्यांच्या विधवा यांच्यासाठी. पैसा बंगालच्या नवाबाचा, लाभार्थी गोरे. देशी शिपायांसाठी बिहारमध्ये भागलपूरच्या बाजूला जमिनी देऊन जायबंदींची ठाणी वसवली. त्यातही कंपनीचा हिशोब होता: जंगल साफ होतं, वस्ती होते, वसूल वाढतो. आणि क्लाइव्हच्या निधीचा शेवट ऐका. कंपनीने फौज ठेवणं बंद केलं तर पैसे माझ्या वारसांना परत, असं कलम त्याने घातलं होतं. १८५८ नंतर कंपनीची फौज राणीच्या सरकारकडे गेली, वारस कोर्टात गेले आणि जिंकले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, म्हणजे आमच्या बैल हाकणाऱ्या कवजीची पेन्शन ऐकून कुणाला कंपनीची आरती करावीशी वाटू नये. दया पेशव्यांकडे जास्तच असेल. कंपनीकडे जे होतं ते म्हणजे यादी. आणि यादीत एकदा नाव चढलं की बैलवाल्यालाही 'पेन्शनर' हे विशेषण लागतं, लंडनच्या मासिकातही.

इथून पुन्हा चाकणला यायला आता फार लांब उडी मारावी लागणार नाही. पेशवा, सरदार, पथक्या, शिलेदार ही साखळी तुम्ही ऐकलीत. मोठी कंपनी, तिला सुटे भाग पुरवणारी लहान कंपनी, तिचा लेबर कॉन्ट्रॅक्टर, आणि प्रेसवरचा मुलगा. वरच्या दप्तरात आकडा आहे: आज अमुक हेड. नाव ठेकेदाराच्या वहीत. कधी तिथेही नाही.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा घ्या. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलं होतं की माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्याने हवं तर मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. त्याच्या परिशिष्टात जखमांची यादी होती. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, तर्जनी १४, मधलं बोट १२, एका हाताची दोन बोटं २०, पूर्ण हात ६०. दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन, तीच रीत, अधिक बारकाईने. आम्ही त्या यादीत कवजीला शोधलं. हाताचे ६० टक्के. आणि चेहरा अतिशय विद्रूप होणं? त्याला १०० टक्के लावले होते. म्हणजे कायद्यानेही नाक विसरलेलं नाही.

१९४८ चा ईएसआय कायदा पुढे गेला. तो एकरकमी पैसे देत नव्हता, जन्मभर दरमहा देत होता. वेतनाच्या ९० टक्क्यांवर क्षमतेचा जेवढा भाग गेला तेवढा. निम्म्यावरून नव्वदवर यायला दोनशे वर्षं लागली म्हणायची. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणीही आधी मूळ मालकाने भरायची, असं त्यात होतं. आणि हा हक्क गहाण टाकता येत नव्हता, कुणाच्या नावे करता येत नव्हता. पिटचं १७५४ चं कलम इथे आलेलं पाहून आम्हाला जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

आपल्या शहरात जखमी शिपाई आणि कारखाना यांची गाठ पडल्याचं एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, आणि टेल्कोत नोकरी केली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, ते योग्यच झालं. पण पेटकर ही राणेखानाच्या जातीची गोष्ट आहे, असामान्य माणसाची. आमच्या विद्यार्थ्याला सुवर्णपदक मिळवल्याशिवाय जगायचं होतं.

तर त्याचं काय झालं ते सांगतो. त्याचा पगार चौदा हजार होता, म्हणजे तो ईएसआयमध्ये असायलाच हवा होता. वर्गणी कुणी भरलीच नव्हती. मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. सही केलेल्या कागदावर ठेकेदाराचं नाव नव्हतं, कारखान्याचं नव्हतं, तारीखही नव्हती. फक्त त्याचं नाव आणि 'मदत'. आम्ही एका कामगार वकिलाकडे गेलो. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि विचारलं, "तू तिथे कामाला होतास, हे दाखवणारं तुझ्याकडे काय आहे?"

मुलगा म्हणाला, काही नाही. मग घरी जाऊन शोधाशोध केली. त्याच्या आईने त्याचा कामावरचा शर्ट धुऊन घडी करून ठेवला होता, रक्ताचे डाग पूर्ण गेले नव्हते. खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेला गेटपास होता. गेटवरच्या सुरक्षावाल्यांनी चोरीच्या भीतीने प्रत्येकाला दिलेला. त्यावर त्याचा फोटो, नाव, ठेकेदाराचं नाव, खात्याचं नाव आणि कुठल्या तारखेपर्यंत चालेल ती तारीख. मागच्या बाजूला ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण.

आम्ही तो पास हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. चेहरेपट्टी!

त्यावर अर्ज झाला. खेपा पुष्कळ झाल्या, मधे एकदा मुलगा कंटाळून गावाकडे निघाला होता. पण मेडिकल बोर्डासमोर तो उभा राहिला, २० टक्के लिहून मिळाले, आणि आता दर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास त्याच्या खात्यात येतात. रक्कम मोठी नाही. त्याने पहिल्या महिन्यात फोन केला तेव्हा रकमेबद्दल तो बोललाच नाही. म्हणाला, "सर, पासबुकात 'मदत' असं लिहिलेलं नाही."

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर केला आहे.